शेवटचा घोट केव्हा घेतला? दारू आणि नशेच्या रुग्णाची तपासणी, पायरीपायरीने

माघातली गोष्ट. केळीची गाडी भरताना ट्रॅक्टरवरून पडलेला एक माणूस आमच्या वॉर्डात दाखल झाला. चाळिशीचा, मांडीचं हाड मोडलेलं. एक्स-रे झाला, ट्रॅक्शन लागलं, ऑपरेशनचा वार ठरला. पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या रात्री त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. दुखत असेल म्हणून आम्ही वेदनेचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या पहाटे तो ट्रॅक्शनसकट पलंगावरून उतरायला बघत होता. भिंतीवरून उंदीर उतरताहेत, ते हाकला, असं ओरडत होता. बायकोला ओळखत नव्हता. मी तेव्हा नोकरीत नवा. डोक्याला लागलेला मार सुटला की काय, असं वाटून सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहायला घेतली, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली त्याची आई म्हणाली, "त्याले रोजनी लागस, डॉक्टरसाहेब. तीन दिन व्हयनात, भेटनीच नही."

केसपेपर उलगडून बघितला. दारूच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. मी विचारलंच नव्हतं. माणूस वाचला, पण चार दिवस त्याला पलंगाला बांधून ठेवावं लागलं आणि ऑपरेशन दोन आठवडे लांबलं.

त्यानंतरच्या वर्षांत मी विचारायला शिकलो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत नव्याने रुजू होणारे वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, वॉर्डातल्या सिस्टर आणि समुपदेशक यांच्यासाठी ते इथे लिहितो आहे. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतो तिथे ही तपासणी आपल्यालाच करावी लागते, आणि ती नीट केली तर पंधरा-वीस मिनिटांत होते.

पायरी १ : विचारायचं सगळ्यांना

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेणारे आढळले, म्हणजे सुमारे १६ कोटी. त्यांपैकी ५.७ कोटींना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. ही सगळी माणसं आपल्या ओपीडीत दारूची तक्रार घेऊन येत नाहीत. ती येतात ॲसिडिटी घेऊन, झोप लागत नाही म्हणून, पायांची आग होते म्हणून. गोळ्या चालू असूनही बीपी हटत नाही, टीबीचं औषध मध्येच सुटतं, महिन्यात दोनदा गाडीवरून पडणं होतं, तिशी-चाळिशीत आयुष्यात पहिल्यांदा फिट येते. अशा प्रत्येकामागे दारू असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

तोंडाला वास आला तर विचारायचं आणि कपडे इस्त्रीचे असले तर सोडून द्यायचं, ही सवय मोडायला हवी. मास्तर, बँकेतला साहेब, भुसावळचा रेल्वे कर्मचारी, साक्रीचा शेतकरी, सगळ्यांना तोच प्रश्न, त्याच सुरात. भरती होणाऱ्या आणि ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाला तर विचारायचंच.

पायरी २ : जागा आणि पहिली दोन मिनिटं

बाजाराच्या दिवशी आपल्या टेबलाभोवती चार माणसं उभी असतात. रुग्ण स्टुलावर, बायको मागे, सासरा दाराशी आणि पुढच्या नंबरचा माणूस रुग्णाच्या खांद्यावरून केसपेपरात डोकावतो. अशा ठिकाणी खरं उत्तर मिळायचं नाही. नातेवाइकांना केसपेपरवर शिक्का मारायला पाठवा, रुग्णाला बीपी मोजायला आतल्या खोलीत न्या. बीपीचा पट्टा दंडावर असताना माणूस जागेवर बसलेला असतो आणि आवाज आपोआप खाली येतो. माझी निम्मी तपासणी त्या पट्ट्यावर झाली आहे.

सुरुवात तंबाखूपासून करा. तंबाखू, विडी, गुटखा याबद्दल लोक मोकळेपणाने बोलतात. तिथून दारूकडे वळणं सोपं जातं. 'दारू पिता का?' या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: नाही. त्याऐवजी म्हणा, "भाऊ, औषध देण्याआधी मी सगळ्यांना विचारतो, दारूवर औषधाचा उलटा परिणाम होतो म्हणून. तुमचं घेणं साधारण कसं असतं, रोज की कधीतरी?" घेणं गृहीत धरलं की न घेणारा हसून नाही म्हणतो आणि घेणाऱ्याला कबुलीजबाब दिल्यासारखं वाटत नाही.

भाऊ, दादा, आबा, नाना, जिभाऊ, मावशी, जे त्या माणसाला साजेल ते म्हणा, पण अरे-तुरे नको. आणि बेवडा, दारुडा, पिदाड हे शब्द दवाखान्यात उच्चारूच नयेत, सिस्टरशी बोलतानाही नाहीत. पडद्यामागे ते ऐकू जातात. केसपेपरवर कुणीतरी लाल शाईने तसं लिहून ठेवलेला रुग्ण पुढे पोटदुखी घेऊन आला, तर त्या पोटाला हात लावायच्या आधीच निदान झालेलं असतं. हे मी पाहिलं आहे, आणि म्हणून इतकं ठासून सांगतो.

अहिराणी येत असेल तर अहिराणीत बोला. "कव्हयमव्हय पेस" (कधीमधी पितो) असं उत्तर आलं की तिथे थांबू नका, कारण एकाचं कव्हयमव्हय महिन्यातून एकदा असतं आणि दुसऱ्याचं दिवसाआड. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे भिली किंवा पावरी बोलणारा रुग्ण असेल तर दुभाष्या लागतो. तो शक्यतो त्याच पाड्यातला नसावा.

रुग्ण आत्ता प्यायलेला असेल तर लांबलचक प्रश्नावली भरू नका. शुद्ध, श्वास, नाडी, बीपी, शुगर बघा आणि डोक्याला मार आहे का ते तपासा. दारूचा वास येणारा बेशुद्ध माणूस दारूनेच बेशुद्ध आहे, असं मानून कोपऱ्यात झोपवून ठेवू नका. कवटीच्या आतला रक्तस्राव, साखर घसरणं, लिव्हर निकामी झाल्याने आलेली गुंगी, हे सगळं त्या वासाखाली लपतं. तोंडी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

पायरी ३ : किती, ते मोजा

'थोडी', 'माफक', 'कंपनीपुरती' ही मापं केसपेपरवर नकोत. दारूचं माप युनिटमध्ये लिहायचं. आपल्याकडे एक युनिट म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्के तीव्रतेची व्हिस्की, रम किंवा देशी असेल तर ३० मिली म्हणजे एक युनिट. म्हणून ९० मिलीची नाइन्टी म्हणजे ३ युनिट, १८० मिलीची क्वार्टर म्हणजे ६ आणि ७५० मिलीचा खंबा म्हणजे २५ युनिट. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ४ युनिटची होते. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर पितो" म्हणणारा रोज दोन बाटल्या घेत असेल, तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे आहे. हे गणित त्याच्यासमोर कागदावर करून दाखवा. बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

हातभट्टीचं माप अवघड. पन्नीत किंवा ग्लासात मिळणाऱ्या दारूवर तीव्रतेचं लेबल नसतं आणि पहिल्या धारेची व नंतरची यांत फार फरक असतो. तिथे मी ग्लास दाखवायला सांगतो. टेबलावर चहाचा कप, स्टीलचा पेला आणि पाण्याचा मोठा ग्लास ठेवलेला असतो. रुग्ण बोट लावून दाखवतो, 'इथपर्यंत'. मग मिलीत लिहून पुढे 'हातभट्टी, तीव्रता माहीत नाही' अशी नोंद करतो. पैशांतूनही अंदाज येतो: रोजच्या मजुरीतले किती गुत्त्यावर जातात, उधारी आहे का, केळी-कापसाचे पैसे हातात आल्यावर घेणं वाढतं का.

मागचे तीन महिने आठवत नाहीत असं रुग्ण म्हणतो तेव्हा तारखा विचारू नका, आपलं खानदेशाचं पंचांग विचारा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किती झाली? पोळ्याला? कानबाईच्या रोटांच्या वेळी घेतली होती का, की बंद ठेवली होती? सारंगखेड्याच्या यात्रेला गेला होतात, तेव्हा? सातपुड्यात होळी आणि तिच्या आधीचा भोंगऱ्या बाजार धरा. सणावाराच्या खुंट्यांना आठवण टांगली की मधले दिवसही सापडतात. आणि एक गोष्ट हमखास कळते: हा माणूस न घेता किती दिवस राहू शकतो. श्रावण पाळणारे पुष्कळ असतात. "श्रावणात सोडली तेव्हा पहिल्या तीन-चार दिवसांत काय झालं?" या एका प्रश्नातून मला कितीतरी जणांच्या जुन्या फिट आणि भास समजले आहेत.

पायरी ४ : प्रश्नावली, पण गप्पांच्या ओघात

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही १० प्रश्नांची प्रश्नावली दारूसाठी पुरेशी आहे. गुण ० ते ४०. पहिले तीन प्रश्न घेण्याचे: किती वेळा, एका बैठकीला किती, आणि एकाच बैठकीला ६ किंवा जास्त युनिट होण्याची वेळ कितीदा येते. पुढचे तीन ताबा सुटण्याचे: एकदा सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, दारूपायी ठरलेलं काम राहिलं का, सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का. उरलेले चार नुकसानीचे: नंतर मन खातं का, रात्रीचं आठवत नाही असं होतं का, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करा म्हटलं आहे का.

गर्दी असेल तर पहिले तीनच विचारा. त्यांचे १२ पैकी गुण धरायचे. पुरुषात ४ आणि बाईत ३ गुण झाले की उरलेले सात विचारायचे. रोज एक क्वार्टर घेणाऱ्याचं उदाहरण घ्या. आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा, ४ गुण. एका बैठकीला ५-६ युनिट, २ गुण. सहा युनिटची बैठक रोज, ४ गुण. झाले १०. हाच माणूस दोन मिनिटांपूर्वी 'जेवणाआधी थोडी' म्हणत होता.

पूर्ण ऑडिटमध्ये ७ पर्यंत धोका कमी. ८ ते १५ असेल तर समजावून सांगणं, १६ ते १९ असेल तर दोन-चार भेटींचं समुपदेशन आणि लक्ष. २० किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची, म्हणजे दारूवाचून चालतच नाही अशा अवस्थेची, खोल तपासणी करायलाच हवी. दारूबरोबर गांजा, गोळ्या, तंबाखू अशी सरमिसळ असेल तर त्याच संघटनेची 'असिस्ट' प्रश्नावली वापरा. तिच्यात प्रत्येक पदार्थाचे गुण वेगळे निघतात: दारूत ११ ते २६ मध्यम धोका, बाकी पदार्थांत ४ ते २६ मध्यम, आणि सगळ्यांतच २७ व पुढे मोठा धोका. चार प्रश्नांची जुनी 'केज' अजून पुष्कळ ठिकाणी चालते, पण ती आयुष्यभराचं विचारते, आणि नुकताच वाट चुकू लागलेला तरुण तिच्यातून निसटतो. मी ती सोडून दिली.

गुण म्हणजे निदान नव्हे. अवलंबित्वाचं निदान करायला सहा गोष्टी बघायच्या, आणि मागच्या वर्षभरात त्यांतल्या तीन किंवा जास्त एकत्र दिसल्या पाहिजेत. तीव्र ओढ: "वेळ झाली की दुसरं काही सुचत नाही, असं होतं?" ताबा सुटणं: "एक पेग ठरवून बसता, उठता किती घेऊन?" बंद केल्यावर त्रास: "एक दिवस नाही मिळाली तर हात कापतात? घाम, उलट्या, झोप उडणं?" मात्रा वाढणं: "सुरुवातीला किती पुरायची, आता किती लागते?" बाकीच्या गोष्टी सुटणं: "भजनाला जायचा, कुस्त्या बघायला जायचा, ते चालू आहे?" आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं: "लिव्हरला सूज आहे असं मागे सांगितलं होतं, त्यानंतर काय झालं?" हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या यादीतले निकष. अमेरिकन डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या यादीत ११ निकष आहेत. २-३ सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा जास्त तीव्र.

पायरी ५ : शेवटची केव्हा घेतली?

बाकी सगळं विसरलात तरी हे विचारा, आणि वेळेसकट लिहा. 'काल' नव्हे, 'काल रात्री ९'.

रोज भरपूर घेणाऱ्याने दारू थांबवली की ६ ते ८ तासांत त्रास सुरू होतो: हाताला कंप, घाम, मळमळ, बेचैनी, नाडी आणि बीपी चढणं. फिट येतात त्या बहुतेक ६ ते ४८ तासांत. भ्रम, डोळ्यांना भलतंच दिसणं, दिवस-रात्रीचं भान जाणं, ताप, हे भयंकर रूप साधारण ४८ ते ९६ तासांत येतं. माझ्या त्या ट्रॅक्टरवाल्याचे तास मोजून बघा: दुसऱ्या रात्रीचा घाम, तिसऱ्या पहाटेचे उंदीर. कुणीतरी शेवटच्या घोटाची वेळ लिहिली असती, तर हे सगळं दाखल करतानाच दिसलं असतं.

म्हणून त्याच दमात आणखी चार गोष्टी विचारा. पूर्वी कधी दारू बंद झाल्यावर फिट आली का? भास, भ्रम झाला होता का? झोपेच्या गोळ्या बरोबर घेता का? किती वेळा बंद करून पुन्हा सुरू केली आहे? ज्याला एकदा फिट किंवा भ्रम झाला आहे त्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त, आणि पुढच्या खेपेला त्रास आधीपेक्षा वाढलेला असू शकतो. अशा माणसाला "उद्यापासून एकदम बंद कर" असं कधीही सांगू नका. आपल्या तोंडचं हे वाक्य त्याच्या जिवावर बेतू शकतं. त्याला औषधाच्या आधाराने, देखरेखीत सोडवायची असते.

त्रास किती आहे हे मोजायला 'सिवा' नावाचं दहा मुद्द्यांचं कोष्टक आहे, एकूण ६७ गुणांचं: मळमळ, कंप, घाम, घालमेल, अस्वस्थ हालचाल, अंगावर काही चालल्याचा भास, कानातले आवाज, डोळ्यांचे भास, डोकेदुखी आणि भान. ८ च्या खाली सौम्य, १५ च्या वर तीव्र. एकदा मोजून उपयोग नाही, दर काही तासांनी सिस्टरनी मोजावं. कंप बघायची रीत सोपी आहे. रुग्णाला दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगा आणि त्यावर केसपेपरचा कागद ठेवा. डोळ्यांना न दिसणारी थरथर कागदाच्या कडेला दिसते.

आणि ग्लुकोजच्या बाटलीबद्दल. दारूवाला गळून गेलेला दिसला की सलाईनमधून ग्लुकोज लावायची आपली सवय आहे. त्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, संपलेलं असतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज. साखर धोक्याइतकी घसरलेली असेल तर ग्लुकोज अडवू नका, थायमिन बरोबरच द्या. बोलण्यात गोंधळ, डोळ्यांची बुबुळं नीट न फिरणं किंवा थरथरणं, आणि चालताना तोल जाणं, यांतलं एकही दिसलं तरी वेर्निकेचा (थायमिनअभावी होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा) संशय धरा. तिन्ही एकत्र दिसायची वाट बघू नका. बहुतेकांत ती दिसत नाहीत. तोंडाने दिलेली गोळी तेव्हा पुरत नाही, थायमिन शिरेतून द्यावं लागतं.

पायरी ६ : अंग तपासा, मग रक्त

डोळ्यांची पिवळाई, छातीवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा, लाल तळहात, पोटातलं पाणी, पायांची सूज, कानाखाली सुजलेल्या ग्रंथी. बोटांच्या बेचक्यांत विडीच्या चटक्यांचे डाग असतील तर गुंगीत विडी हातात तशीच राहते, हे समजा. दंडावर, पायाच्या शिरांवर सुयांच्या खुणा बघा. पायाच्या बोटांना कापूस लावून संवेदना तपासा. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा.

रक्तात लिव्हरच्या तपासण्यांपैकी एएसटी हे एएलटीच्या दुप्पट किंवा जास्त, जीजीटी वाढलेलं, तांबड्या पेशींचा आकार मोठा, प्लेटलेट कमी, असं मिळून चित्र दिसलं तर दारूकडे बोट जातं. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही अवलंबित्व असू शकतं, विशेषतः तरुणांत. रिपोर्ट समोर धरून खोटं पकडू नका. तो हाताशी धरून बोलणं पुढे न्या.

सकाळी हातभट्टी घेतलेला कुणी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी "धुकं दिसतंय, सगळं पांढरं दिसतंय" म्हणत आला, पोट दुखतंय, श्वास जोरात चालला आहे, तर ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची विषबाधा असू शकते. १०८ ला फोन करा, मोठ्या रुग्णालयात हलवा, आणि त्याच्याबरोबर आणखी कोण कोण प्यायलं ते विचारून त्यांनाही बोलावून घ्या.

पायरी ७ : गोळ्या, गांजा आणि बाकीचं

दारूपुरतंच विचारून थांबलात तर निम्मं राहिलं. मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवणारे, पॉवरलूमवर रात्रपाळी करणारे, ऊसतोडीला जाऊन आलेले, यांना अंगदुखीची आणि झोपेची गोळी विचारा. "दुखायची गोळी रोज लागते का? कोणती? पाकीट दाखवा." ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळातलं औषध आहे. २०१८ पासून ते एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आलं, पण सवय लागलेली माणसं आहेतच. ते अचानक थांबवलं तर अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, जुलाब, अंगावर काटा, बाहुल्या मोठ्या. जास्त घेतलं तर फिट येते. लघवीच्या साध्या अफू-पट्टीत ट्रॅमाडॉल दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. पट्टी कोरी म्हणजे माणूस कोरा असं होत नाही.

'कुत्ता गोळी' नावाने मिळणारी गोळी म्हणजे बहुतेक अल्प्राझोलाम, घबराट आणि झोपेसाठीचं औषध. दारूबरोबर ती घेतली की श्वास मंदावतो, आणि अचानक बंद केली की दारूसारख्याच फिट येतात. ती हळूहळूच उतरवावी लागते. किती गोळ्या, किती मिलिग्रॅम, किती महिने, हे लिहा. गांजाबद्दल विचारताना संशयीपणा, कानात आवाज, झोप उडणं हेही विचारा. स्टेशनभोवती राहणाऱ्या पोरांना पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर हुंगण्याबद्दल विचारा. ओठांभोवतीचे चट्टे आणि कपड्यांचा वास बघा.

पोलीस केस होईल ही भीती इथे फार असते. तपासणीत सांगितलेलं गुपित राहतं, असं स्पष्ट शब्दांत सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक अटींवर खटल्यापासून संरक्षण देतं.

पायरी ८ : मन, आणि मरणाचा विचार

"असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का?" हे विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. आपल्या भागात घरात फवारणीचं औषध असतंच. दारू, कर्ज आणि ते औषध एका घरात असेल तर आजच्या आज घरच्यांशी बोलून बाटली हलवायला सांगा, आणि रुग्णाला एकटं सोडू नका. उदासी दारूच्या आधीची की नंतरची, याचा निकाल पहिल्या भेटीत लागत नाही. दारू थांबल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

बाया आणि सातपुडा

बायांना आपण विचारतच नाही. मिसरीपासून सुरुवात करा, गर्भवतीला हमखास विचारा. पोटात बाळ असताना दारूची सुरक्षित मात्रा कोणतीच नाही. बाईच्या शरीराला कमी दारूत, कमी वर्षांत इजा होते. आणि तिला बोलायला नवरा-सासू बाहेर असायला हवेत.

अक्राणी-अक्कलकुव्याकडे मोहाची दारू पूजेत, लग्नात, मयताच्या विधीत असते. ती घेतली म्हणून कुणी रुग्ण होत नाही. तिथे मी विचारतो, "देवाचं सोडून किती?" हा प्रश्न मला एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने दिला. समाजात चालतं तेवढं कुठे संपतं आणि याचं वेगळं घेणं कुठे सुरू होतं, हे पाड्यातल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. खरंच, त्यांच्याकडून शिकण्यासारखं फार आहे. मैदानी भागातून आलेल्या डॉक्टरने मोहाचं झाडच दोषी ठरवलं, की पुढची दहा वर्षं कुणी त्या दवाखान्यात खरं बोलत नाही.

घरच्यांशी बोलणं

रुग्णाची परवानगी घ्या, मग बायकोला, आईला आत बोलवा. रुग्णाने सांगितलेलं त्यांना सांगायचं नाही. त्यांनी पाहिलेलं विचारायचं: फिट आली होती का, रात्री बरळतो का, मारहाण होते का, मुलं शाळेत जातात का. मारहाणीचं बायकोला एकटीलाच विचारा.

एक प्रश्न मात्र कधीच चुकवू नका: "घरातून कुणी चहा-भाजीत औषध घालून देतंय का?" 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती वाचून कावलेल्या बाया पुड्या आणतात. काहींत डायसल्फिरामसारखं औषध असू शकतं. माणसाला न सांगता ते दिलं आणि त्याने वर दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, बीपी कोसळतं. हृदयविकार असेल तर जीव जाऊ शकतो. त्या बाईवर रागावू नका. तिने सगळे दरवाजे ठोठावून पाहिलेले असतात. पुडी आणायला सांगा, बंद करायला सांगा, आणि हेच औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासून देता येतं हे समजावा.

केसपेपरवर काय, आणि पुढे काय

माझी नोंद अशी असते: 'देशी, रोज १ क्वार्टर (६ युनिट), १५ वर्षं. सकाळी घोट: हो. शेवटची: काल रात्री ९. पूर्वी फिट: १, दोन वर्षांपूर्वी, बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी. गोळ्या: नाही. ऑडिट २४. कंप आहे, भान आहे. सिवा ११. मरणाचे विचार: नाही. आता काय हवं: "हात कापायचे थांबले पाहिजेत."' ते शेवटचं वाक्य रुग्णाच्याच शब्दांत लिहा. उपचार तिथून सुरू करायचे असतात.

पूर्वी फिट किंवा भ्रम, गरोदरपण, लिव्हरचा आजार, म्हातारपण, गोळ्यांची सरमिसळ, सतत उलट्या, मरणाचे विचार, घरी बघायला कुणी नाही, यांतलं काहीही असेल तर घरी सोडून दारू सोडवू नका, भरती करा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पाठवताना शेवटच्या घोटाची वेळ चिठ्ठीत वर लिहा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत राष्ट्रीय नंबर आहे. नाल्ट्रेक्सोन (दारूची ओढ कमी करणारं, पण अफूच्या कुळातल्या औषधांना अडवणारं औषध) सुरू करण्याचा विचार असेल तर ट्रॅमाडॉलची चौकशी आणि लिव्हरची तपासणी झालेली असायला हवी.

अवलंबित्व नसेल, नुसता धोका असेल, तर पाच मिनिटांचं बोलणं पुरतं. त्याचा आकडा त्याला दाखवा, त्याच्याच तक्रारीशी जोडा, कमी करायचं की बंद ते त्याला ठरवू द्या. पुढची तारीख बाजाराच्या दिवसाची द्या, तो येतो.

तो ट्रॅक्टरवाला आषाढात काठी टेकत आला होता, बाजाराच्याच दिवशी. आईला बाहेर बसवून मी बीपीचा पट्टा बांधला आणि विचारलं, शेवटची केव्हा घेतली, जिभाऊ? त्याने जरा वेळ घेतला, बोटांवर महिने मोजले. "आखाजीले. एक नाइन्टी." मी लिहिलं: आखाजी, ३ युनिट. मग हात पुढे ताणून बोटं फाकवायला सांगितली आणि त्यावर कागद ठेवला.